सुकाणू, सेवक आणि आसन : विद्युत् चलित्राच्या ‘ट्यूनिंग’चा इतिहास

१

यंत्रविद्येचा इतिहास लिहिणाऱ्याचे लक्ष बहुधा यंत्राच्या शक्तीकडे वेधले जाते. कोणते एंजिन किती अश्वशक्तीचे होते, ते कोणी व केव्हा घडविले, त्याने कोणत्या उद्योगाचा कायापालट केला, या प्रश्नांची उत्तरे ग्रंथांतून विस्ताराने मिळतात. परंतु शक्ती उत्पन्न करणे ही एक विद्या आहे आणि ती शक्ती हव्या त्या जागी, हव्या त्या क्षणी, धक्का न देता थांबविणे ही दुसरी. या दुसऱ्या विद्येचा इतिहास पहिलीच्या इतिहासाइतका दर्शनी नाही. त्याची साधने पुष्कळ अंशी शब्दांत दडलेली आहेत, आणि म्हणून भाषेच्या अभ्यासकाने त्याची दखल घेणे अप्रस्तुत ठरू नये.

या विद्येचे आजचे एक घरगुती रूप म्हणजे हौशी माणसांनी स्वतःच्या हातांनी बनविलेला हालता सिम्युलेटर. मोटारगाडी किंवा विमान चालविण्याचा आभास जागच्या जागी निर्माण करणारे हे आसन असते. आसनाच्या तळाशी एक सांधा, पाठीमागे दोन विद्युत् चलित्रे आणि त्यांच्या भुजांना जोडलेले दोन दांडे, एवढी त्याची साधी मांडणी. चलित्रे पुष्कळदा मोटारीच्या काचेवरील पाणी पुसणाऱ्या वायपरची असतात. प्रत्येक भुजेच्या आसाशी एक पोटेन्शिओमीटर बसविलेला असतो. भुजा त्या क्षणी कोणत्या कोनात आहे हे तो सांगतो. संगणकावरील खेळ हवा असलेला कोन सांगतो. मधले एक छोटेसे इलेक्ट्रॉनिक कार्ड या दोहोंतील तफावत काढते आणि ती नाहीशी होईल अशा बेताने चलित्राला वीज पुरविते.

किती तफावतीला किती वीज द्यावयाची हे तीन आकड्यांनी ठरते, आणि ते तीन आकडे पी, आय व डी या तीन रोमन अक्षरांनी ओळखले जातात. आकडे बेताचे नसतील तर आसन थरथरते, मागे रेंगाळते किंवा उसळते. ते योग्य ठरविण्याच्या कामाला ट्यूनिंग म्हणतात. घरी काम करणारे पुष्कळसे लोक या टप्प्यावर अडखळतात; आकडे वाढवून पाहतात, कमी करून पाहतात, आणि यश आले तरी ते का आले हे त्यांना सांगता येत नाही. त्यांचा दोष येथे थोडा आहे. ही तीन अक्षरे त्यांच्यापर्यंत गणिताची चिन्हे म्हणून पोहोचली आहेत. त्यांचा इतिहास पाहिला असता असे आढळते की, यांतील प्रत्येक अक्षर हे आरंभी कोणा तरी काम करणाऱ्या माणसाच्या हाताची सवय होते. गणित मागाहून आले.

२

जेम्स वॉट याने १७८८ मध्ये आपल्या बाष्पयंत्राला जो नियामक जोडला, त्यात फिरत्या आसाला टांगलेले दोन गोळे होते. वेग वाढला की गोळे दूर फेकले जात आणि वाफेची झडप मिटू लागे; वेग मंदावला की गोळे खाली येत आणि झडप उघडे. अशा गोळ्यांची योजना पवनचक्क्यांत त्यापूर्वीच झालेली होती. यंत्राच्या क्रियेचा परिणाम पुन्हा यंत्राच्याच कारणाकडे पोहोचविणे, ज्याला आज प्रत्याभरण म्हणतात, त्याचे हे पहिले सर्वपरिचित उदाहरण होय.

परंतु या नियामकात दोन उणिवा होत्या. यंत्रावरील भार वाढला की वेग किंचित कमी होई आणि तो पूर्वीच्या अंकावर कधीच पूर्णपणे परत येत नसे. ही उणीव घालविण्यासाठी नियामक अधिक संवेदनाशील केला, तर यंत्र वेगाच्या मागे धावू लागे. एकदा पुढे जाई, एकदा मागे पडे, आणि स्थिर म्हणून होत नसे. एंजिनावर काम करणाऱ्या इंग्लिश कारागिरांनी या वर्तनाला ‘हंटिंग’ म्हणजे शिकार हे नाव दिले. नाव चपखल आहे. ज्याप्रमाणे शिकारी कुत्रा वास हरवला म्हणजे इकडून तिकडे धावत राहतो, त्याप्रमाणे यंत्र आपला वेग हुंगीत फिरते. घरगुती आसनाची थरथर ही हीच शिकार होय, आणि तिला इंग्रजीत आजही तोच शब्द आहे.

जॉर्ज बिडेल एअरी या राजज्योतिष्याला दुर्बीण ताऱ्यांच्या गतीने फिरविणाऱ्या यंत्रात हाच दोष आढळला, आणि १८४० साली त्याने त्याचे गणिती विवेचन केले. पुढे १८६८ मध्ये जेम्स क्लार्क मॅक्सवेल याचा नियामकांवरील निबंध प्रसिद्ध झाला. यंत्राला बसलेला धक्का वाढत जाईल, विरत जाईल, वाढत्या आंदोलनाचे रूप घेईल की विरत्या आंदोलनाचे, अशा चार शक्यता त्याने वेगळ्या केल्या. भाषेच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट अशी की, त्याने दोन प्रकारच्या साधनांना दोन नावे दिली. तफावतीच्या प्रमाणात प्रतिकार करून थांबणारे ते ‘मॉडरेटर’, आणि तफावत पूर्ण नाहीशी होईपर्यंत दुरुस्ती करीतच राहणारे ते ‘गव्हर्नर’. आजच्या तीन अक्षरांपैकी पी व आय यांतील भेद येथे प्रथम स्पष्ट झाला.

‘गव्हर्नर’ हा शब्द लॅटिन ‘गुबेर्नाटोर’पासून आला, आणि तो ग्रीक ‘किबेर्नेटेस’चे रूपांतर आहे. दोहोंचा मूळ अर्थ जहाजाचे सुकाणू धरणारा. नॉर्बर्ट वीनर याने १९४८ मध्ये आपल्या नव्या शास्त्राला ‘सायबरनेटिक्स’ हे नाव देताना याच ग्रीक शब्दाकडे आणि मॅक्सवेलच्या निबंधाकडे पाहिले होते. मराठीतील ‘सुकाणू’ हा शब्द अरबी ‘सुक्कान’वरून आलेला आहे, समुद्रव्यापाराबरोबर तो या किनाऱ्यावर उतरला, आणि राज्याचे किंवा संस्थेचे सुकाणू हाती घेणे असा त्याचा लाक्षणिक वापर मराठीतही रूढ झाला. शासन आणि सुकाणू यांची सांगड अशा रीतीने एकाहून अधिक भाषांनी घातली आहे.

ज्या वर्षी मॅक्सवेलने शासकाविषयी लिहिले त्याच १८६८ साली फ्रान्समध्ये जोझेफ फार्को याने ‘सर्व्हो-मोटर’ हा शब्द वापरात आणला. लॅटिन ‘सेर्वुस’ म्हणजे दास. मोठ्या बाष्पनौकांचे सुकाणू माणसाच्या बळाने हालेनासे झाले होते. ‘ग्रेट ईस्टर्न’ या महाकाय जहाजावर १८६७ मध्ये त्यासाठी वाफेचे यंत्र बसविण्यात आले. नावाड्याने लहानसे चाक जेवढे फिरवावे तेवढेच यंत्राने अवजड सुकाणू फिरवावे आणि तेथे थांबावे, ही अपेक्षा. स्वामीच्या हाताकडे पाहून तंतोतंत तेवढीच हालचाल करणारा हा दास होय. आसनाखालचे चलित्र याच दासाचे वंशज आहे. एकाच विद्येला एकाच वर्षी शासकाचे व दासाचे अशी दोन नावे लाभली आणि दोन्हींचा उगम जहाजाच्या सुकाणूपाशी आहे, ही गोष्ट केवळ चमत्कृतीची नाही. नियंत्रण करणारे यंत्र हे तफावतीवर हुकमत गाजविते आणि आज्ञेपुढे मान तुकविते. या दोन कामांचा तोल साधणे म्हणजेच ट्यूनिंग.

३

तिसऱ्या अक्षराची कथाही सुकाणूपाशीच घडली. रशियात जन्मलेला निकोलस मिनॉर्स्की अमेरिकेत आल्यावर जहाजांच्या स्वयंचलित सुकाणूचा अभ्यास करू लागला. त्याने आधी माणसाकडे पाहिले. कसलेला सुकाणूवाला जहाज या क्षणी किती भरकटले आहे एवढेच पाहत नाही. वारा एकाच बाजूने सतत ढकलीत असेल तर तो सुकाणू थोडे कायमचे वळवून ठेवतो. आणि जहाज वेगाने वळू लागलेले दिसताच ते योग्य दिशेवर येण्यापूर्वीच सुकाणू उलट फिरवितो. नवशिका मात्र दिशा जुळेपर्यंत वाट पाहतो, आणि तोपर्यंत जहाज पलीकडे गेलेले असते.

मिनॉर्स्कीचा निबंध १९२२ मध्ये प्रसिद्ध झाला. चालू क्षणाची तफावत, साचत आलेली तफावत आणि तफावत बदलण्याचा वेग या तिन्हींचा मेळ घालणाऱ्या नियंत्रणाचे हे पहिले पद्धतशीर विवेचन मानले जाते. १९२३ मध्ये ‘न्यू मेक्सिको’ या अमेरिकन युद्धनौकेवर त्याचे प्रयोग झाले. तिसऱ्या घटकाविना जहाज दोन्ही बाजूंना सुमारे दोन अंश झुलत राहिले. तो घटक जोडल्यावर हे झुलणे एक-षष्ठांश अंशावर आले. एवढी स्थिरता बहुतेक सुकाणूवाल्यांच्या हातालाही साधणारी नव्हती. तथापि नौदलाने ही योजना स्वीकारली नाही; काम करणाऱ्या खलाशांचा तिला विरोध होता. ज्यांच्या हातातील कौशल्य पाहून यंत्र घडले त्यांनीच ते नाकारले, यातील मानवी बाजू इतिहासकाराने विसरू नये.

व्याकरणाच्या परिभाषेत बोलावयाचे तर पी हा वर्तमानकाळ आहे, आय हा भूतकाळ आणि डी हा भविष्यकाळ. पी आताची तफावत पाहतो, आय साचलेल्या तफावतीची आठवण ठेवतो, डी तिचा कल पाहून पुढचे अनुमान बांधतो. कोणत्याही एका काळात बोलणारे वाक्य जसे अनुभवाचा एकच भाग सांगते, तसे एकाच अक्षरावर चालणारे यंत्र अर्धवट राहते.

४

समाकलन आणि अवकलन ही गणिताची नावे या घटकांना सर्वमान्य होण्यापूर्वी अमेरिकेतील रासायनिक कारखान्यांत वेगळे शब्द चालत. तेथे तापमान व दाब राखणारे नियंत्रक हवेच्या दाबावर काम करीत. केवळ प्रमाणी नियंत्रण असलेल्या यंत्रात थोडी तफावत उरे, आणि कामगार मधूनमधून खुंटी फिरवून ती काढून टाकी. या कृतीला ‘रीसेट’ म्हणत. पुढे तेच काम यंत्र आपोआप करू लागले तेव्हा त्याला ‘ऑटोमॅटिक रीसेट’ हे नाव पडले. समाकलन म्हणजे कामगाराची ती फेरी होय. न्यूयॉर्क राज्यातील रॉचेस्टर येथील टेलर इन्स्ट्रुमेंट या कंपनीने तिसऱ्या घटकाला ‘प्री-ॲक्ट’, म्हणजे आधी करावयाची कृती, असे म्हटले.

याच कंपनीतील जॉन झिग्लर व नॅथॅनिएल निकोल्स यांनी १९४२ मध्ये आपला प्रसिद्ध नियम मांडला. आय व डी बंद ठेवावेत. पी वाढवीत न्यावा. एका विवक्षित अंकावर यंत्र न वाढणाऱ्या, न विरणाऱ्या आंदोलनात सापडते. तो अंक आणि एका आंदोलनाचा काळ टिपून घ्यावा. मग पी त्या अंकाच्या सहा-दशांश, रीसेटचा काळ आंदोलनकाळाच्या निम्मा आणि प्री-ॲक्टचा काळ एक-अष्टमांश ठेवावा. उदाहरणार्थ, १० या अंकावर ०.४ सेकंदांचे आंदोलन सुरू झाले, तर पी ६, रीसेटचा काळ ०.२ सेकंद आणि प्री-ॲक्टचा काळ ०.०५ सेकंद येतो. ज्या कामगाराला अवकल समीकरण सोडविता येत नव्हते त्याला या नियमाने यंत्र लावता येऊ लागले. यंत्राची मर्यादा जाणण्यासाठी त्याला एकदा मर्यादेपर्यंत न्यावे लागते, हे कारागिरी ज्ञान येथे अंकबद्ध झाले.

‘ट्यूनिंग’ हा शब्दही कारागिरीतलाच. इंग्रजी ‘ट्यून’च्या मुळाशी ‘ताणणे’ या अर्थाचा ग्रीक धातू आहे, आणि संस्कृत ‘तन्’ हा त्याचा सगोत्र. मराठीतील ‘तंतू’ आणि ‘तान’ हे त्याच कुळातील शब्द होत. तंबोरा लावताना तार थोडी चढवावी, थोडी उतरवावी आणि स्वर सापडताच थांबावे, ही क्रिया ज्याने पाहिली आहे त्याला यंत्राच्या ट्यूनिंगचे मर्म निराळे सांगावयास नको.

५

या नियंत्रणविद्येची आणि सिम्युलेटरची गाठ कशी पडली, हेही पाहिले पाहिजे. १९१० च्या सुमारास फ्रान्समध्ये आंत्वानेत विमानाच्या शिक्षणासाठी दोन अर्ध्या पिंपांचे एक साधन वापरीत. शिकाऊ वैमानिक वर बसे आणि इतर माणसे ते हातांनी तिरपे करीत. तेथे नियंत्रण करणारे यंत्र नव्हतेच. ते काम माणसाचे डोळे व दंड करीत.

अमेरिकेतील बिंगहॅम्टन येथे एडविन लिंक याच्या वडिलांचा ऑर्गन व स्वयंवादी पियानो बनविण्याचा कारखाना होता. तेथील भाते, झडपा आणि निर्वात पंप वापरून लिंकने १९२९ च्या सुमारास आपले शिक्षणयंत्र तयार केले. ज्या विद्येतील मुख्य शब्द वाद्यांकडून आला, तिचे एक प्रमुख यंत्रही वाद्यांच्या कारखान्यात जन्मले. आरंभी त्याला गिऱ्हाईक मिळाले ते मुख्यतः करमणुकीच्या बागांत. १९३४ मध्ये अमेरिकन सैन्याच्या विमानदलाने टपाल वाहण्याचे काम हाती घेतले; धुके व हिमवादळांत केवळ उपकरणांवर विसंबून उडण्याचे शिक्षण नसल्याने कित्येक वैमानिक प्राणांस मुकले. त्यानंतर त्याच वर्षी सैन्याने लिंकची सहा यंत्रे विकत घेतली. दुसऱ्या महायुद्धात लक्षावधी वैमानिक या यंत्रावर शिकले.

सहा दांड्यांवर तोललेले व्यासपीठ हा पुढचा टप्पा. इंग्लंडमध्ये डनलॉप कंपनीतील एरिक गॉफ याने टायर तपासण्यासाठी पन्नाशीच्या दशकात असे यंत्र बनविले, डी. स्ट्युअर्ट याने १९६५ च्या निबंधात विमान-सिम्युलेटरसाठी अशा व्यासपीठाचा विचार मांडला. त्या काळी हे दांडे तेलाच्या दाबावर हालत. विद्युत् चलित्राचा वेग सुरळीतपणे बदलण्याची पद्धत हॅरी वॉर्ड लिओनार्ड याने १८९१ मध्येच शोधली होती. पण तिला स्वतंत्र जनित्र लागे. शक्तिशाली ट्रान्झिस्टर स्वस्त झाले आणि सेकंदात हजारो वेळा वीज चालू-बंद करून चलित्राचा जोर ठरविता येऊ लागला, तेव्हा तेलाची जागा विजेने घेतली. इटलीतील इव्हरेआ येथे २००५ मध्ये आर्डुइनो हे स्वस्त कार्ड निघाले, आणि ही विद्या कारखान्यातून घरात आली.

६

घरातील आसनापुढे उभे राहिले म्हणजे हा सर्व इतिहास पुन्हा एकदा घडताना दिसतो. पहिली कसोटी तारांची. चलित्राच्या दोन तारा उलट जोडल्या गेल्या, तर तफावत कमी करण्याऐवजी यंत्र ती वाढवीत जाते. भुजा पूर्ण जोराने टोकाला आदळते आणि दांडा वाकतो. ‘ऋण’ प्रत्याभरणातील ऋण हा शब्द येथे हिताचा ठरतो. म्हणून जाणते लोक प्रथम दांडे सोडवून, मोकळ्या भुजेवर, कमी विजेने आणि एका वेळी एकच चलित्र तपासतात, आणि वीज तोडणारे तांबडे बटन हाताशी ठेवतात.

मग पी वाढवीत जावयाचा. आसन आळशी असते ते हळूहळू तत्पर होते आणि शेवटी शिकार करू लागते. येथे झिग्लर-निकोल्स यांचा नियम जसाच्या तसा लागू केल्यास निराशा पदरी येते. त्या नियमात प्रत्येक आंदोलन मागच्याच्या एक-चतुर्थांश उरावे अशी अपेक्षा होती. रसायनाच्या टाकीला तेवढे झुलणे चालते. परंतु माणसाच्या पाठीला दुसरे आंदोलनही खोटा धक्का म्हणून जाणवते. म्हणून आसनासाठी पी त्याहून पुष्कळ खाली आणावा लागतो.

डी वाढविला की झुलणे शमते, पण त्यालाही मर्यादा आहे. आर्डुइनोच्या प्रचलित कार्डावर पोटेन्शिओमीटरचे वाचन १०२४ पायऱ्यांत होते. त्याचा फेर २७० अंशांचा धरल्यास एक पायरी सुमारे पाव अंशाची. सेकंदाला हजार वेळा हिशेब करणाऱ्या कार्डाला एका पायरीचा खोटा थरकाप हा सेकंदाला अडीचशेहून अधिक अंशांचा वेग वाटतो, आणि भविष्यकाळ पाहणारा डी त्या भासावर विसंबून चलित्राला झटके देतो. सुकाणूवाल्याला लाट आणि प्रवाह यांतील भेद कळे. कार्डाला तो वाचन गाळून घेऊन शिकवावा लागतो.

आय पुष्कळदा शून्यावर किंवा अगदी अल्प ठेवला जातो. वायपरच्या चलित्रातील मळसूत्री दंतचक्रांत घर्षण फार. लहानशा तफावतीला भुजा हालत नाही, आय तिची आठवण साठवीत राहतो, आणि मग एकाएकी सगळी थकबाकी वसूल केल्याप्रमाणे भुजा उसळते. भुजा मर्यादेवर टेकलेली असताना आज्ञा त्यापलीकडची असेल, तर ही साठवण अधिकच घातक होते. भूतकाळाला मर्यादा घालणे येथे शहाणपणाचे ठरते.

शेवटी माणूस वर बसतो. त्याच्या वजनाने सगळा तोल बदलतो आणि रिकाम्या आसनावर ठरलेले आकडे पुन्हा तपासावे लागतात. माणसाच्या अंतःकर्णातील संवेदकांचे आसनाच्या हालचालीकडे सतत लक्ष असते. आसनाला खऱ्या गाडीप्रमाणे दूरवर धावता येत नाही. म्हणून वेग घेण्याचा आरंभीचा ढकल तेवढा द्यावयाचा, मग जाणवणार नाही इतक्या हळू परत यावयाचे, आणि आसन कलते ठेवून गुरुत्वाकर्षणाकडून प्रवेगाचे सोंग आणवावयाचे, अशी योजना असते. डोळ्यांना दिसणारी गती व शरीराला जाणवणारी गती यांत विसंगती आली की मळमळ सुरू होते. अमेरिकन नौदलाच्या हेलिकॉप्टर-सिम्युलेटरवर हा विकार १९५० नंतरच्या दशकातच नोंदला गेला. आणि विशेष असे की, नवशिक्यांपेक्षा अनुभवी वैमानिकांना तो अधिक झाला. ज्याच्या शरीराला खरी गती ठाऊक असते त्यालाच खोटी गती अधिक बाधते.

७

वरील विवेचनावरून एक निष्कर्ष निघतो. या विद्येत शब्दांच्या दोन परंपरा आहेत. शिकार, रीसेट, प्री-ॲक्ट, ट्यूनिंग, शासक, दास ही एक. प्रमाण, समाकलन, अवकलन ही दुसरी. दुसरीने पहिलीला अचूकता दिली, आणि तिच्यावाचून आजची विमाने, कारखाने किंवा यंत्रमानव चालले नसते. परंतु तीन अक्षरे रूढ झाली तेव्हा त्यांमागची माणसे दिसेनाशी झाली. रीसेट म्हणजे खुंटी फिरविणारा कामगार, डी म्हणजे वेळेआधी सुकाणू उलटविणारा नावाडी, हे ज्याला ठाऊक आहे तो आकडे आंधळेपणाने फिरवीत नाही. कोणता हात कमी पडतो आहे हे तो आधी पाहतो.

मराठीत या विषयावर लिहिताना गणिताच्या संज्ञांचे प्रतिशब्द घडविणे आवश्यक आहेच. त्याबरोबर कामाच्या जागी जन्मलेल्या शब्दांचेही अर्थ नोंदविले पाहिजेत. कारण आसनावर बसणाऱ्या माणसाची पाठ सुरक्षित ठेवणारे ज्ञान पुष्कळदा त्याच शब्दांत असते.